परबमामा मॉस्कोच्या पुढे जातात

परबमामांना रस्ता माहीत असला तरी ते विचारायचे. ऑफिसच्या गाडीतून पोर्टला जाताना, जिथे ते वर्षानुवर्षं रोज जात होते, तिथेही सिग्नलला काच खाली करून शेजारच्या ट्रकवाल्याला हाक मारायचे, "भाईसाब, पोर्ट इधर से ही ना?" मी शेजारी बसलेली असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या मोबाइलमधली बाई अचूक रस्ता सांगत असताना ही कसली हौस?

"ती बाई तुका रस्तो सांगतली गो," मामा म्हणायचे. "पण खयसून इलंस, जेवलंस काय, ह्या काय ती इचारूची नाय. वाट इचारली की माणूस कळता."

दुबईतल्या देऱ्यात आमचं शिपिंगचं छोटं ऑफिस होतं. मी अकाउंट्सला, मामा क्लिअरन्सला. मी शारजात वाढलेली, म्हणजे माझं मराठी घरातलं आणि हिंदी टॅक्सीतलं. मामा कुडाळकडचे. बायको गावी, आणि मामा देऱ्यातच चौघांच्या खोलीत. वयाने मोठ्या कोकणी माणसाला मामा म्हणायची पद्धत, म्हणून कोणीतरी सुरुवात केली आणि मग आमचा मल्याळी मॅनेजरही त्यांना मामाजी म्हणू लागला. पण खरे मामा ते एकाच मुलीचे. सायलीचे. धाकटी बहीण अकाली गेली तेव्हा सायली शाळेत होती. तिला मामींनी आपल्या घरी नेलं आणि ती तिथेच वाढली. आता ती रशियात एका लहान गावात डॉक्टरकी शिकत होती. गावाचं नाव मला अजूनही धड म्हणता येत नाही. मामा सरळ "मॉस्कोच्या पुढे" म्हणायचे, जसं काही कुडाळच्या पुढे सावंतवाडी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सायलीच्या मैत्रिणी घरी गेल्या आणि तिचं अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं, पण आत पू धरला. पुन्हा उघडावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. तिने फोन केला तो मात्र, "मामा, माका बरा आसा, तुम्ही येव नका," असं सांगायला.

मामांनी फोन ठेवला आणि मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले. "सर, लीव."

"कितने दिन, मामाजी?"

"पोरगी उठ के चलने तक."

मॅनेजरने सही केली. "यल्ला, जाओ," एवढंच म्हणाला.

ई-व्हिसा मी काढून दिला. तो येईपर्यंत मामा जेवलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. कार्ड तिथे चालत नाही, मोबाइलचं इंटरनेट कधीही बंद करतात, अशा बातम्या आम्हीच त्यांना पुरवत होतो. मी काळजीने म्हटलं, "मामा, तुम्हाला रशियन येत नाही, इंग्लिश तिथे कुणी बोलत नाही. मॉस्कोपर्यंत विमान नेईल. पुढे काय कराल?"

"इचारीन," मामा म्हणाले.

आणि ते गेले. माकडटोपी घालून, ऐन उन्हाळ्यात. रशिया म्हणजे थंडी, याबाबतीत ते कुणाचंही ऐकणार नव्हते. गावाचं नाव मी रशियन अक्षरांत मोठं छापून दिलं होतं, ते खिशात. पिशवीत मालवणी खाजा.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर ऑफिसात सांगितलेलं. मॉस्कोत टॅक्सीवाल्याने त्यांना स्टेशनवर सोडलं. मामांनी सवयीने एकाला विचारलं, हे कुठलं स्टेशन? तो म्हणाला, कझानचं. कझान हे लांबचं शहर आहे, एवढं त्यांनी सायलीकडून ऐकलं होतं. टॅक्सीवाल्याने आपल्याला भलत्याच शहरात आणून टाकलं, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी त्याला मालवणीतून यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी एका बाईने हाताला धरून त्यांना गाडीपाशी नेलं. मॉस्कोत स्टेशनला ज्या गावाकडे गाड्या जातात त्या गावाचं नाव देतात, हे त्यांना नंतर कळलं. "म्हणजे दादरच्या स्टेशनाक कुडाळ म्हणाचा! खुळे रे खुळे!"

गाडीत इंटरनेट नव्हतं. सायलीला त्याच दिवशी पुन्हा ऑपरेशनला नेणार होते आणि गाव कधी येईल हे मामांना कळत नव्हतं. डब्याच्या देखरेखीला एक जाडजूड बाई होती. मामांनी तिला कागद दाखवला. ती काहीतरी विचारू लागली. आपण कोण आणि कशाला निघालोय हे तिला सांगायला हवं, म्हणून मामांनी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मामा." मग पोटावर आडवा हात फिरवून, "हॉस्पिटल."

बाईचा चेहराच बदलला. "मामा? मामा हॉस्पिटल?" मामांनी मान डोलावली. तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डब्यात बातमी पसरली. समोरच्या म्हाताऱ्याने काकडी आणि उकडलेलं अंडं पुढे केलं, मामांनी खाजा काढला. कुणी चहा आणला. एका बाईने कसाबसा फोन लावून आपल्या मुलाला गावच्या स्टेशनावर बोलावलं. गाव आलं तेव्हा डब्याच्या बाईने स्वतः त्यांची पिशवी खाली उतरवली आणि त्या मुलाने त्यांना गाडीत घालून थेट हॉस्पिटलच्या दारात सोडलं. भेटीची वेळ संपली होती. पहारेकरी सोडेना. मामांनी पुन्हा छातीवर हात ठेवला, सायलीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "मामा." पहारेकऱ्याने मामांच्या मिशांकडे जरा निरखून पाहिलं, पण सोबतच्या मुलाने घाईघाईने त्याला काय ते सांगितलं. त्याने वर वॉर्डात फोन केला आणि दार उघडलं.

"तुमका सांगतंय," मामा आम्हाला म्हणाले, "आपल्याकडे लग्नात अंतरपाटाकडे उभो रवलो की मामाचा काम खलास. पण रशियात मामाक केवढो मान! नाव घेतला की दारा उघडतत!"

रशियनमध्ये मामा म्हणजे आई. हे आम्हा सगळ्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मॅनेजर तर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. पण सांगायचं कोणी? मामा वर्षभर देऱ्यात भेटेल त्याला रशियातल्या मामांची थोरवी ऐकवत होते आणि आम्ही माना डोलावत होतो.

मामा रिटायर होऊन कुडाळला गेले आणि थोड्याच महिन्यांत झोपेतच गेले. इतका हसरा माणूस मला परक्या गावात पुन्हा भेटला नाही. मला ते फार आठवतात.

सायली आता डॉक्टर आहे. मध्यंतरी दुबईमार्गे जाताना ती मला भेटायला आली. बोलता बोलता मी तिला विचारलं, "मामांना कधी सांगितलंस का गं, रशियन मामा म्हणजे काय ते?"

ती मान हलवून नाही म्हणाली.

"दुसऱ्या ऑपरेशननंतर मी नुकती शुद्धीवर येत होते," ती म्हणाली. "खालून फोन आला. नर्सने मामांना पाहिलंसुद्धा नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकून रशियनमध्ये म्हणाली, 'मामा आली.' आई जाऊन तेव्हा किती वर्षं झालेली. आणि मी डोळे उघडते तर दारात माकडटोपी."

ती हसली आणि तिने डोळे पुसले.

"नर्सच्या भाषेत 'मामा आली' हे बरोबरच होतं, ताई. मला मराठीतही चूक वाटलं नाही."