‘धरलं’ म्हटल्यावर सोडायचं

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुमच्या काचेच्या क्लबात तुम्ही करता तरी काय?" आणि मी "चहा पितो" म्हणून फोन ठेवून दिला. बैठकीला जेमतेम तास उरला होता आणि मी दिवाणखान्यात गोधड्या अंथरत होते. आता सावकाश सांगते.

आम्ही चौघंच आहोत. वाशिंदचे एक गृहस्थ आहेत, त्यांचं औषधांचं दुकान होतं. त्यांच्याकडे जुन्या दवाखान्यांतल्या बाटल्या आहेत. इथे शहापूरच्या बाजारात गोटी सोड्याचं दुकान होतं, त्या घरची सून तिथल्या जाड हिरव्या बाटल्या सांभाळते. वयाने ती आमच्यात सगळ्यांत लहान. मुरबाडकडची माझी मैत्रीण भातशेती करते. तिच्याकडे कंदिलांच्या चिमण्या आहेत आणि आढ्याला टांगायच्या काचेच्या हंड्या. आणि मी. माझ्या शाईच्या दौती तुम्ही पाहिल्या आहेत. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं आणि प्रत्येकाने एक वस्तू आणायची.

टेबलावर ठेवलेली काच पाहिली असं आम्ही मानत नाही. काच हातात घ्यायची, खिडकीच्या उजेडात फिरवायची, आतले बुडबुडे शोधायचे, कडेवरून बोट फिरवायचं आणि मग शेजाऱ्याकडे द्यायची. देताना विचारायचं, "धरलं?" समोरच्याने "धरलं" म्हटलं की सोडायचं. इतक्या वर्षांत आमच्या हातून काहीही फुटलेलं नाही. चहाचे कप सोडून.

त्याआधीची बैठक वाशिंदला झाली होती. मैत्रिणीच्या हातात काचेच्या बुचाची एक बाटली होती आणि तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या सारख्या त्या बाटलीवर वाजत होत्या. बारीक, न थांबणारा आवाज. हात कापत होता. तिने बाटली मांडीशी दाबून धरली तरी आवाज थांबेना. सून उगाचच पंख्याकडे बघत राहिली. मी सोड्याच्या बाटलीबद्दल काहीतरी विचारलं, ते मला आधीच माहीत होतं. हाताबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि तेच मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाशिंदहून फोन आला. "बाई, पुढची बैठक तुमच्याकडे आहे. मी वडिलांच्या दवाखान्यातली डोळे धुवायची निळी पेली आणणार होतो. पण म्हटलं, या वेळेपासून सगळं टेबलावर ठेवूनच बघू या का?"

"आणि तिला काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? कळेल की."

कळेल, याचीच तर मला भीती होती. तिच्याकडे गावात काचेचं कौतुक कोणाला नाही. घरचे म्हणतात, फुटक्या संसाराला चिमण्या कशाला. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली हंडी धरून ती येते ती या दोन तासांसाठी. टेबल मांडलेलं दिसलं तर ती चहा पिऊन जाईल आणि पुन्हा येणार नाही. ती आली नाही तर क्लबाचं काय होईल ते होवो, पण तिच्याकडे दुसरं काय उरेल याचा विचार माझ्याच्याने करवेना.

म्हणून मी माझ्या पद्धतीने उपाय काढला. खुर्च्या आत नेल्या आणि जमिनीवर दोन पदरी गोधड्या घातल्या. काही निसटलंच तर मऊ पडेल. जागाही ठरवल्या: ती भिंतीला टेकून, तिच्या डावीकडे मी. आम्हा तिघा म्हाताऱ्यांचे गुडघे जमिनीवर बसण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत, हे मला अंथरताना सुचलं नाही.

ती दारात आली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. हिरव्या बांगड्यांवाचून तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे बाईचे हात एकाएकी मोकळे दिसले की मनात एकच गोष्ट येते. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अगं... घरी सगळे..."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. "तो कोपऱ्यावर गाडी लावतोय गो बाई. जिता हाय. सकाळीच भांडलाय माझ्याशी."

"मग बांगड्या?"

"वाजतात." एवढंच म्हणून ती आत आली आणि गोधड्यांपाशी थांबली. "ह्ये काय? लगीन हाय का कोनाचं?"

"म्हटलं, आज खाली बसू."

"तुमी? खाली?" तिने मागून येणाऱ्या वाशिंदकरांना हाक मारली. "भाऊ, या. बाईंनी आपल्याला उचलायला मानसं सांगितलीत का इचारा."

बसायला आम्हाला बराच वेळ लागला. वाशिंदकर एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरून खाली आले. सून हसू दाबत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. मैत्रीण गोधडीची जाडी बोटांनी चाचपत होती, आणि ती काय मोजते आहे ते मला कळत होतं.

दौत फिरली, सोड्याची बाटली फिरली. दोन्ही वेळा आपली पाळी आली की तिने नुसती मान हलवली, आणि सुनेने वस्तू तिच्यासमोरून माझ्या हातात दिली. मग वाशिंदकरांनी पेली काढली. लहानशी, डोळ्याच्या खोबणीत बसेल अशा काठाची, शाईसारखी निळी. कड इतकी पातळ की बघूनच धाकधूक व्हावी. पेली मैत्रिणीसमोर न जाता सुनेकडून परत वाशिंदकरांकडे आली. ते ती माझ्याकडे देणार, तोच मैत्रिणीने हात पुढे केले.

"हिकडं द्या. ही मला बघायचीय."

हात कापत होते. आता ते सांगायला बांगड्यांचा आवाज नव्हता, तरी दिसत होतं. वाशिंदकरांनी पेली तिच्या ओंजळीत ठेवली, पण बोटं काढली नाहीत.

"धरलं?" त्यांनी विचारलं.

"धरलं."

त्यांनी सोडलं नाही.

"धरलं म्हनले ना भाऊ."

वडिलांच्या दवाखान्यातली तेवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"डाक्टरकडं जाऊन आले मी, कल्यानला," ती म्हणाली. "कंपवात हाय. गोळ्या हायेत. जायचा नाय, वाढंल. तुमाला कोनालाच कळलं नाय असं मी समजायचं का? त्या दिवशी पंख्याकडं बघत व्हता सगळी. आज गाद्या घातल्या. चोरून कशाला करता? मी काय मेले का?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. वाशिंदकरांनी बोटं काढली.

पेली तिच्या तळव्यात थरथरत होती. तिने ती उंच धरली नाही, पदर मांडीवर पसरून त्याच्यावर हात टेकवले आणि मान खाली घालून आत बघितलं. पदरावर निळा डाग हलत होता. मी माझेच हात आवळून बसले होते.

"बुडबुडा हाय एक," ती म्हणाली. "बुडाशी. तुमाला दिसला व्हता का भाऊ?"

"नाही," ते म्हणाले.

"मग काय बघता तुमी!"

तिने पेली माझ्याकडे केली. मी तिच्या बोटांवरून माझी बोटं घातली. तिने विचारलं, "धरलं?" मी "धरलं" म्हटलं, तरी तिची बोटं लगेच उघडेनात. ती एकेक करून सुटली आणि आम्ही सगळे थांबून राहिलो.

चहाच्या वेळी तिने स्वतःच सांगून टाकलं. पातळ काच यापुढे ती हातात घेणार नाही. मी धरायची आणि ती म्हणेल तशी फिरवायची. जाड काच घेईल, सोड्याची बाटली तर घेईलच. नको वाटेल त्या दिवशी तोंडाने सांगेल. "पन तुमी आपसात ठरवू नका. जे ठरवाल ते माझ्यापुढं ठरवा." मग वाशिंदकरांना उठवायला आम्हा तिघींना मिळून हात द्यावा लागला, आणि तिला न्यायला आलेला नवरा दारातून ओरडला, "अगो, भाऊंना कशाला ओढतेस, आपल्या गाडीवर जागा नाय!"

ती दोघं गेल्यावरही माझी धास्ती गेली नाही, हे तुम्हाला खरं सांगते. वाढेल म्हणजे किती, कधी, हे तिलाही ठाऊक नाही.

पुढची बैठक तिच्याकडे आहे. तिला आढ्याची मोठी हंडी खाली काढून दाखवायची आहे. ती हंडी तिच्या नवऱ्याने काढावी, की तिने काढून माझ्या हातात द्यावी, यावर मी दोन दिवस विचार करते आहे. वाशिंदहूनही तेच विचारायला फोन आला होता. मी म्हटलं, आपण काही ठरवायला नको. संध्याकाळी ती शेतावरून आली की तिलाच फोन करते.