लिमात ती माझ्या मागून चालत होती

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन माणूस – गेज दाखवेल तेवढंच खरं. त्यामुळे हे लिहितानाही जरा लाजच वाटतेय.

मी चिपळूणकडचा, सौदीत जिझानच्या रिफायनरीत कामाला. गेल्या वर्षी बायको, स्मिता, गावी असताना हार्ट अटॅकने गेली. माझा इकामा, म्हणजे तिथला राहायचा परवाना, रिन्यूला अडकलेला, त्यात ईदची सुट्टी... मला देश सोडायची परवानगी मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला व्हिडिओ कॉलवर दाखवतो, तर स्मशानात रेंज नाही. तिचं शेवटचं तोंडही मी पाहिलं नाही. हा सल अजून जात नाही.

आम्ही दोघं पेरूला जाणार होतो. "पेरूत जाऊन पेरू खायचे" हा तिचा फालतू विनोद ऐकून माझे कान किटले होते. माझे रूममेट इस्माईलभाई, रत्नागिरीचे. ते म्हणाले, "अरे बाबा, तिची हौस होती ना? मग जा. इथे भिंती बघत बसून काय होणार?"

सुट्टीत गेलो, एकटाच, लिमाला. तिथे हिवाळा होता... ऊन नाही, धड पाऊस नाही, दिवसभर नुसतं राखाडी धुकं. समुद्राजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, मुलगी मध्ये बोलायची. खोली एकाची बुक केलेली, आत टॉवेल दोन. म्हटलं, असेल पद्धत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाई माझ्यावर चिडलेल्या. मुलगी अवघडून म्हणाली, "आई विचारतेय, तुम्ही बायकोसाठी थांबत का नाही?"

"कोण बायको?"

"हिरव्या स्वेटरमधली. आम्हाला खिडकीतून दिसतं ना. ती दुकानं बघत मागे राहते, आणि तुम्ही एकदाही वळून बघत नाही."

मी हातातला घास परत बशीत ठेवला. पूर्वी आम्ही दोघं जेद्दाहला, अल अझीझिया भागात राहायचो तेव्हा स्मिता अशीच प्रत्येक काचेपुढे रेंगाळायची. मी पुढून हाका मारायचो.

त्या दिवशी मी सारखा मागे बघत चाललो. भर रस्त्यात "स्मिता" अशी हाकही मारली. लोक बघायला लागले. मागे कोणी नव्हतं. कॉफीच्या दुकानात मात्र वेटरने न विचारता दोन कप ठेवले, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसला.

निघायच्या सकाळी मी मुलीला सगळं खरं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने आईला सांगितलं, तेव्हा बाईंनी शांतपणे माझा हात धरला आणि दाराजवळच्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आई म्हणतेय, ती तिथेच बसलीय. तुमच्याकडेच बघतेय." मग हळूच म्हणाली, "मलाही दिसतेय."

बाहेर टॅक्सी हॉर्न देत होती. मी खुर्चीपुढे गुडघे टेकले, डोळे चोळले, तिचं नाव घेतलं, लहान पोरासारखा रडलो. वेताची खुर्ची, तिच्यावर जुनी उशी... एवढंच दिसलं.

कोणी म्हणेल गैरसमज, कोणी म्हणेल मायलेकींची चलाखी. असेल. मला फक्त राग येतो... सातासमुद्रापलीकडच्या परक्या माणसांना दिसली. मला एकदा दिसली असती तर काय बिघडलं असतं?