पीशोन सापडली!

विद्वान माणसं एका खोलीत बसवली की किस्से शोधावे लागत नाहीत, झाडून गोळा करावे लागतात! आमचा गट दर शनिवारी दुपारी गोराईत, चर्चच्या हॉलमध्ये भरतो. काम एकच, बायबलमधल्या नद्या ओळखायच्या. एदेन बागेतून म्हणे चार नद्या निघाल्या. टायग्रिस, युफ्रेटिस आजही वाहतात. पीशोन आणि गीहोन बेपत्ता! प्रमुख आमचे विल्सन सर, रिटायर्ड इंजिनियर. मी बोरिवलीची, शाळेत भूगोल शिकवायचे म्हणून मला बोलावलेलं. बहुधा टाळ्यांसाठी.

*

सरांनी प्रोजेक्टरवर अरबस्तानचा सॅटेलाइट फोटो लावला. वाळवंटातून लांबलचक रेघ गेलेली. सर ओरडले, "हीच पीशोन! सुकलेली!"

फिलू आंटी गोराईच्याच, मासे विकतात. त्या उठल्या आणि पडदा ताणला. नदी गायब!

"सुरकुती होती, सर."

*

मुलुंडचे जोशी म्हणतात, पीशोन म्हणजे गंगा आणि गीहोन म्हणजे नाईल.

मी विचारलं, "उगम एकच हवा ना? हिमालयातलं पाणी इजिप्तला गेलं कसं?"

"जमिनीखालून!"

"आणि तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर चढत नाही?"

*

जेरुसलेममध्ये गीहोन नावाचा झरा आहे. सरांनी फोटो दाखवला. पाणी गुडघाभर.

"ग्रंथातली गीहोन अख्ख्या कूश देशाला वळसा घालते," मी म्हटलं. "हिच्यात फार तर टॉवेल भिजेल!"

"तेव्हा पाऊस जास्त होता," सर म्हणाले. जोशींनी ते वहीत उतरवूनही घेतलं!

*

एकदा मी म्हटलं, नद्या पात्र बदलतात, नावंही बदलतात. कदाचित कधीच कळणार नाही. सरांनी मला व्हॉट्सॅप ग्रुपमधून काढून टाकलं. कारण? "निगेटिव्ह." दोन दिवसांनी परत घेतलं. नकाशा रंगवणार कोण?

*

गेल्या महिन्यात फिलू आंटी अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या घरामागचा ओढा कुणी भराव टाकून बुजवला, आता पावसाळाभर पाणी घरात. पालिकेच्या ऑफिसात सांगतात, तिथे ओढा नव्हताच.

"सर, तुम्ही हजारो वर्षांच्या नद्या शोधता. माझा ओढा होता, एवढं लिहून द्या ना."

सरांनी नकाशा उघडला, चष्मा पुसला, बोट फिरवलं. "यात नाही, आंटी. पुरावा काय?"

"माझा बापूस बुडून मेला त्यात."

जोशींनी वही मिटली.

सर म्हणाले, "लेखी काही?"