तळाची खरवड

टाकव्याच्या लोकल बोर्डाच्या शाळेत मी नवा मास्तर होतो. एका रविवारी पायीच खंडाळ्याला निघालो आणि रानात वाट चुकलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तेवढ्यात धूर दिसला. कोळसा पाडणारा एक म्हातारा तीन दगडांवर मडक्यात तांदूळ, पावटे नि मिरची एकत्र शिजवत होता.

“बसा भाऊ. धूर बघून कुनीतरी येतंच, म्हनून म्या दोन मुठी जास्तीच टाकतो.”

पळसाच्या पानावर त्याने मला दोनदा वाढलं. मी पोटभर जेवलो. मग मडक्यात पाणी ओतून त्याने तळाची खरवड सोडवली आणि पिऊन टाकली.

“आबा, तुम्हाला काहीच उरलं नाही!”

“लय झालं,” म्हणत तो मला वाट दाखवायला उठला.

नाव विचारायचं राहिलं. जेवायला बसताना अजून त्याला मनोमन हात जोडतो.