पुराच्या दिवशी वच्छलाबाई बोलली

कुरखेड्याकडच्या एका खेड्यात वच्छलाबाई शेंडे रोवण्याची गाणी म्हणायची. बांधीतल्या बाया तिच्या आवाजावर वाकायच्या, धान रोवत मागे सरकायच्या. १९८२च्या पावसाळ्यात नागपूरच्या रेडिओचे लोक ती गाणी टेप करायला आले. दोन गाण्यांच्या मधे ती त्यांच्याशी बोलत होती, तेही टेपवर आलं. त्यांना ते बोलणं गाण्याइतकंच आवडलं आणि गावकऱ्यांच्या कार्यक्रमात निवेदन करायला तिला बोलावणं आलं. ती बिचकली. नवरा नथ्थू म्हणाला, "जा. इथी बांधीतल्या बाया आयकतात, तिथी मुलूख आयकंल."

आमच्या वैनगंगेकाठच्या गावात मग रोज संध्याकाळी रेडिओभोवती माणसं जमू लागली. त्या डब्यातून कोणी आमच्यासारखं 'काऊन' म्हणतं, 'करून राह्यलो' म्हणतं, याचंच आम्हाला नवल.

दोन-तीन वर्षांनी एका श्रावणात नदी फुगली. दवंडी फिरली, तरी माझी आत्या सुकरी घर सोडेना. तिने असले पूर पुष्कळ पाहिले होते. दुपारी रेडिओवर वच्छलाबाईने सरकारी निवेदन वाचलं, सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. मग ती थांबली. स्टुडिओच्या काचेपलीकडच्या साहेबांकडे तिने पाहिलं आणि त्यांनी मान हलवली, हे तिनेच पुढे आम्हाला सांगितलं.

"बाया हो, नदी चढून राह्यली. भांडेकुंडे राहू द्या. लेकरं घ्या, म्हातारे घ्या, अन् टेकडीवर जा. मी वच्छला सांगून राह्यली."

आत्या उठली. "वच्छला म्हनते तं जा लागते," म्हणत तिने बकऱ्या सोडल्या. तिच्यामागे आमचा सगळा मोहल्ला निघाला. दिवस मावळायच्या आत घरांवरून पाणी वाहत होतं. माणूस मात्र एकही गेलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे आम्ही तिला गायला बोलावलं. एसटीतून लहानखुरी, सावळी बाई उतरली. एवढ्या आवाजाची बाई एवढीशी असेल, असं कोणालाच वाटलं नव्हतं. आत्याने तिचा दंड चाचपून पाहिला. वच्छलाबाई म्हणाली, "मीच व्हय, बाई. जेवन झालं का?"

ऐन गाण्यात भोंगा बंद पडला. ती थांबली नाही. जिलेबीवाल्याने झारा बाजूला ठेवला, पाळणे थांबले. बायांनी बसल्या जागी तिची ओळ उचलली. पलीकडच्या काठावरचे गुराखी पाण्याजवळ येऊन उभे राहिलेले आम्हाला दिसत होते.