सुमनताईंची पेरूची बशी

दादांचा फोन आला तेव्हा मी सावेडीत एका हातगाडीवाल्याशी पेरूवरून हुज्जत घालत होते. दादा म्हणजे माझे मोठे दीर. एरवी फोनवर ते आधी जेवण झालं का विचारतात, मग पाऊसपाणी, मग कामाचं. त्या दिवशी त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. "सुमन गेली," एवढं म्हणाले आणि फोन तसाच चालू ठेवला. मागे गोठ्यातली गाय हंबरत होती, ती मला ऐकू येत होती. मी पुढे भाव न करता पेरूंची पिशवी उचलली. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही. सासरी कोल्हारला पोहोचेपर्यंत बंद गाडीत त्या पेरूंचा वास भरून राहिला होता. गाडी माझा मुलगा सौरभ चालवत होता. त्याने एकदा काच खाली करायला हात नेला, आणि काय वाटलं कोण जाणे, तसाच मागे घेतला.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर भिंगारचं. त्यांचे वडील लष्कराच्या ऑफिसर्स मेसमध्ये स्वयंपाकी होते, त्यामुळे जेवणाआधी पाहुण्याला काहीतरी छोटंसं, देखणं, दोन-तीन घासांचं द्यायचं असतं, हे त्या घरूनच शिकून आल्या होत्या. आमच्या कोल्हारच्या घरात जेवणाआधी हात धुतात, एवढंच माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मळ्यातल्या पेरूंची ती बशी केली. वडील मेसमध्ये नासपतीची करायचे. नासपती आमच्याकडे कुठली, म्हणून यांनी पेरू घेतला. धड कच्चा नाही, धड पिकलेला नाही असा पेरू निवडायचा, मधोमध कापायचा, बिया चमच्याने कोरून काढायच्या. मग त्या वाट्यांना आतून तूप लावून निखाऱ्यांवरच्या जाळीवर पालथ्या ठेवायच्या. कडा तांबूस झाल्या की उलटवून चिमूटभर गूळ टाकायचा, तो विरघळून बुडबुडे यायला लागले की उतरवायच्या. तोवर दुसरीकडे ताज्या दुधात लिंबू पिळून, ते फाडून, मलमलच्या फडक्यात बांधून टांगलेलं असायचं. त्याला पनीर म्हणावं तर ते मऊ, चक्का म्हणावा तर आंबट नाही. सुमनताई त्याला नुसतं चीज म्हणायच्या. ते तळहाताने मळायचं, त्यात मीठ, भरडलेली मिरी आणि थोडी साय. गरम पेरूच्या वाटीत गार चीजचा गोळा, वर डाळिंबाचे चार दाणे, पुदिन्याचं एक पान. हे सगळं मेसने टाकून दिलेल्या, कडेचे टवके उडालेल्या पांढऱ्या बशांतून यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा या घरात करमलं ते त्या बशीमुळे, असं म्हटलं तर माझ्या नवऱ्याला राग येईल, पण ते खरं आहे.

यात एक अडचण होती. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, घरात दूध नासवलेलं चालायचं नाही. दूध उतू गेलं तर हात जोडायच्या, पण नासलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आपोआप नासलेलं दूधसुद्धा त्या कुणाशी न बोलता लांब बांधावर नेऊन ओतायच्या. मग जाणूनबुजून नासवायचं म्हणजे विचारायलाच नको. त्यावर तोडगा निघाला तो मोठा गमतीचा होता. छपराखाली करायचं नाही, बाहेर काय करायचं ते करा. सुमनताईंनी गोठ्यामागे शेवग्याखाली तीन दगडांची चूल मांडली. तिथेच दूध फाडायचं, तिथेच शेवग्याच्या फांदीला फडकं टांगायचं आणि तयार झालेलं चीज झाकून घरात आणायचं. आत्याबाई सगळ्यात आधी बशी पुढे करायच्या. मी एकदा हसून म्हटलं, आत्याबाई, हे दूध नासलेलंच आहे की. तर म्हणाल्या की बाहेर नासलं, आत आलं तवा ते चांगलं झालं. माझं विज्ञान यावर काय बोलणार? मी सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवायचे आणि घरी येऊन ते पेरू खायचे.

नितीन हा सुमनताईंचा एकुलता एक मुलगा. त्याचं लग्न जमत आलं होतं आणि मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. सुमनताईंनी ठरवलं, पोहे नाहीत, आपली बशी. आम्हीही सगळे कोल्हारला गेलो होतो. सकाळपासून अवकाळी पाऊस लागला होता. शेवग्याखालची चूल भिजली, दगडांमध्ये पाणी साचलं. सुमनताई दाराशी उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या. नितीनच हसत आला, त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि स्वयंपाकघरात गॅसवर नेऊन ठेवलं. "आई, इथंच कर. आजीला मी सांभाळतो," म्हणाला. आत्याबाईंच्या पाठीवर थोपटून त्यांना काहीतरी सांगितलं, त्याही तेवढ्यापुरत्या हसल्या. सुमनताईंनी लिंबू पिळलं, फडकं बांधून नळाला टांगलं. पाहुण्यांना वस्तीचा रस्ता सापडत नव्हता, म्हणून नितीन त्यांना आणायला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत गेला. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात, मागे दिवा नसलेल्या. पावसात त्यातली एक त्याला दिसली नाही. पाहुणे फाट्यावर वाट बघत थांबले होते. त्यांनीच आधी धावत जाऊन त्याला उचललं. आपला होणारा जावई हाच, हे त्यांना नंतर कळलं.

घरात माणसं गोळा झाली, रडारड सुरू झाली. त्या गोंधळात आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या सुमनताईंकडे बघून हळू आवाजात एकच वाक्य बोलल्या, "घरात दूध नासवलं तू." पुन्हा आयुष्यात त्यांनी ते कधी म्हटलं नाही. पुन्हा म्हणायची गरजही नव्हती. ते फडकं नळाला तसंच टांगलेलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा मी ते सोडवलं, चीज बांधावर नेऊन टाकलं आणि फडकं धुऊन वाळत घातलं. फेकून द्यायला हवं होतं, पण मन झालं नाही.

त्यानंतर सुमनताईंनी बशा माळ्यावर टाकल्या. पेरू येत राहिले, बाजारात जात राहिले. मी मात्र त्यांचा पिच्छा सोडला नाही. कोल्हारला गेले की त्यांना समजावायला बसायचे. आंबट पडलं की दूध घट्ट होतं, पाणी सुटतं, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या ट्रॉलीला आपल्या गॅसवरचं पातेलं काय ठाऊक... असं किती वेळा सांगितलं असेल. मला वाटायचं, एकदा हे त्यांच्या मनातून काढलं की त्या मोकळ्या होतील, पुन्हा आधीसारख्या होतील. एवढं एक काम मी आयुष्यात मनापासून अंगावर घेतलं होतं. एकदा त्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विजया, मला कळतं गं सगळं. पण कळून ते जात न्हाई." मग पुन्हा गोधडी आपटायला लागल्या. मला त्यांचा राग आला होता. आपण एवढं सांगतो आणि हिला दुःखच धरून बसायचंय, असं वाटलं होतं.

पुढे आत्याबाईंना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग दिवस, मग गेलेली माणसं गेलीत हेसुद्धा. एका हिवाळ्यात मी तिथे असताना त्यांनी सुमनताईंना हाक मारली आणि लहान मुलासारखा हट्ट धरला, "सुमन, ती पेरूची बशी कर की. लई दिवस झाले." मी सुमनताईंकडे बघायचं टाळलं. त्या उठल्या. गोठ्यामागे गेल्या, दगड पुन्हा लावले, जाळ केला. माळ्यावरून बशी काढून पदराने पुसली. पेरू भाजले, चीज मळलं, पुदिन्याचं पानसुद्धा विसरल्या नाहीत. मग कॉटशेजारी बसून आत्याबाईंना चमच्याने एकेक घास भरवला. आत्याबाई मिटक्या मारत खात होत्या. अर्धी बशी झाल्यावर त्यांनी चमचा हाताने अडवला आणि म्हणाल्या, "नितीनला ठेवलं का?" सुमनताई म्हणाल्या, "ठेवलंय." आणि उरलेली अर्धी बशी खरोखरच झाकून फडताळात ठेवली. बोलणारी विसरून गेली होती. जिला बोललं ती एकटी ते घेऊन बसली होती, आणि आता भांडायलाही समोर कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे काम माझ्याच्याने होणार नाही.

आत्याबाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सुमनताईंच्या पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. शेवटची भेट या पौषातली. त्यांच्या पोटात पातळ पेजेशिवाय काही टिकत नव्हतं. मला बघून म्हणाल्या की विजया, बशी कर. मला इतका आनंद झाला की मी धावतच स्वयंपाकघरात गेले. दूध गॅसवर चढवलं. लायटरचा आवाज त्यांना खोलीत ऐकू गेला असावा. त्यांनी मारलेली हाक इतकी बारीक होती की मला आधी कळलीच नाही. जवळ गेले तर म्हणाल्या, "बाहेर ने ते."

मी म्हटलं, ताई, आता कशाला, आता आणखी काय व्हायचं राहिलंय. हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात जोर राहिला नव्हता, तरी सोडवता येईना.

"माझं न्हाई गं. तुझा सौरभ रोज रस्त्यावर असतो."

मी पातेलं बाहेर नेलं. शेवग्याखालचे दगड अजून तिथेच होते. सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं आणि बशी घेऊन आत आले. त्यांनी बोटाच्या टोकावर येईल एवढं चीज जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, बराच वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय." निघताना उशाखालून काढून त्यांनी ते मलमलचं फडकं माझ्या हातात दिलं. तेच, नळाला टांगलेलं. ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर अनेकजण मला म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. मला तसं म्हणता येत नाही. शरीराच्या दुखण्यातून सुटल्या असतील. पण आपल्याच हाताने आपलं मूल गेलं, हे मनात घेऊन एक बाई उभं आयुष्य जगली, आणि तसंच मनात घेऊन गेली. तिच्या जवळची, शिकलेली, रोज पोरांना शिकवणारी मी तिथेच होते आणि मला ते तसूभरही हलवता आलं नाही. याला सुटका म्हणायला माझी जीभ धजत नाही.

गेल्या रविवारी मी ठरवलं, त्यांची बशी करायची. आपल्या घरात, आपल्या गॅसवर, सरळ. त्यांना जे जमलं नाही ते निदान मी करून दाखवायचं. सौरभ पहाटेच पुण्याला निघाला होता. पेरू भाजून ठेवले. दूध तापलं, कडेने साय धरायला लागली. मी लिंबू कापून हातात घेतलं आणि पातेल्यावर हात धरला. हात पिळेना. स्वयंपाकघरात मी एकटी, समोर नुसतं दूध, आणि बोटं वळेनात. मी स्वतःला मोठ्याने बजावलं, मुलांना वर्गात सांगायचे तसं. काही उपयोग झाला नाही. शेवटी गॅस बंद केला, सांडशीने पातेलं उचललं आणि गॅलरीत नेऊन फरशीवर ठेवलं. तिथे लिंबू पिळलं. दूध लगेच फाटलं.

ते मी सुमनताईंच्या फडक्यात बांधून कपड्यांच्या दोरीला टांगलं आणि तिथेच उभी राहिले, पाणी ठिबकत होतं ते बघत. सौरभचा मेसेज आला, पोहोचलो म्हणून. मी तो दोनदा वाचला. तरी फडकं घरात आणलं नाही. संध्याकाळी तो परत येईपर्यंत ते बाहेरच होतं.