भाऊजींची चैन

आमच्या भाऊजींइतका सायकलच्या साखळीवर जीव टाकणारा माणूस नेरडीगोंड्यापासून भैंशापर्यंत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोची मला आधीच दया येते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त मास्तर. सारा जन्म तेलुगू शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे मराठी लिहितानाही हात तिकडच्याच वळणाने जातो. तेलुगूत चेनला 'चैन' लिहितात, म्हणून हेही तेच लिहितात. त्यांच्या मुलीने गिअरची सायकल घेऊन दिली त्याच दिवशी मागच्या दारावर तक्ता लागला : 'चैन रोज पुसणे. चैनला ओढ देऊ नये. चैन गेली तर गाडी कामाची नाही.' ताईने तो वाचला आणि म्हणाली, "माही चैन त लग्नातच गेली!"

एकेका कडीला एकच थेंब तेल, आणि वरचं तेल लगेच टिपायचं, नाहीतर धूळ धरते. टिपायला ताईचं ठेवणीतलं लुगडं फाडलं, वर "सुती हाय, धागे सुटत नाई" अशी त्याची तारीफही केली. दर रविवारी शाळेतली फूटपट्टी लावून कड्या बारा इंचांत बसतात का बघायचं. केसभर वाढल्या की भाऊजींना जेवण जात नसे. गिअरचं शास्त्र तर विचारूच नका. चढ यायच्या आधीच गिअर हलका करायचा, आणि पुढच्या मोठ्या चक्राला मागचं मोठं जुंपायचं नाही, साखळी तिरपी पडते. हे सायकलपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. माझ्या पोरीला स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांदेखत म्हणाले, "साळेबुवा, पोरगीई हट्टी, पोरगाई हट्टी. मोठ्याले मोठा काऊन जुंपून राह्यले? दात झिजतीन ना!" स्थळ मोडलं हो!

गेल्या वर्षी ताई माझ्या गावी आली होती. अंगणात पाय घसरून डोक्यावर पडली आणि शुद्धच हरपली. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला, मग भाऊजींना. गाडीच्या आधी भाऊजी पोचले. सगळा चढ, काळा चिखल, आणि साखळी मोठ्यावरून मोठ्यावर तिरपी पडून किंचाळत होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं, मी म्हणालो, "भाऊजी, गिअर..."

"गिअर गेला चुलीत! हे डोळे काऊन उघडत नाई?" सायकल चिखलात फेकून ते ताईच्या उशाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. बऱ्याच वेळाने ताईने डोळे उघडले, नवऱ्याचा अवतार पाहिला आणि पुटपुटली, "चेन पुसली का?"

ताई दवाखान्यात होती ते आठ दिवस सायकल माझ्या दारात तशीच पडून होती. साखळी गंजून लाल झाली, शेवटी नवीच टाकावी लागली. त्या आठ दिवसांत भाऊजींनी सायकलचं नावही काढलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो. तक्ता अजून तिथेच आहे. म्हटलं, एवढी मात्रेची चूक तरी दुरुस्त करू, आणि खिशातलं पेन काढलं. ताईने माझा हात धरला. बाहेर भाऊजी थेंब थेंब तेल सोडत बसले होते.

"राहू दे रे," ती म्हणाली. "बरोबरच लिवलं हाय त्याईनं."